पक्ष्याच्या पायांखालची भूमी

आमच्या प्रयोगशाळेतील काचेच्या पेटीत पेंढा भरलेला एक जुना खंड्या आहे. जडसंग्रहाच्या वहीत त्याची नोंद आहे आणि गुळगुळीत फळीवर तो वर्षानुवर्षे उभा आहे. मागील विज्ञान-प्रदर्शनाच्या वेळी ती फळी आम्हांस ओकीबोकी वाटली. म्हणून बाजारातून हिरवा रंगविलेला भुसा आणला, प्लॅस्टिकची फुले खोवली आणि निळ्या कागदाचे तळे केले. पाहुण्यांनी वाहवा केली. परंतु सातवीतला एक विद्यार्थी पेटीपाशी बराच वेळ उभा राहून म्हणाला, “सर, हा पक्षी आमच्या घरामागच्या नाल्यावर रोज तारेवर बसतो. तिथे फुले नाहीत.” त्या एका वाक्याने आमची सारी सजावट फोल ठरली.

पेंढा भरलेल्या प्राण्याखालची बैठक ही शोभेची बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते तो चुकीचा आहे. फळीवरचा वाघ शिकाऱ्याचा पराक्रम सांगतो. गवतातला वाघ स्वतःचे जीवन सांगतो. आमच्या सुरतेत विंचेस्टर संग्रहालय निघाले त्याच वर्षी, म्हणजे १८९० साली, अमेरिकेत मिलवॉकी येथे कार्ल एकली यांनी मस्क्रॅट नावाच्या पाणथळीतील प्राण्यांचा देखावा उभा केला. त्यात प्राण्यांइतकेच महत्त्व त्यांच्या घराला, पाण्याला व काठाला होते. आपल्याकडे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, असे देखावे पाहावयास मिळतात. मुंबई निसर्ग इतिहास संस्थेचे एस. एच. प्रेटर यांनी परदेशांतील संग्रहालये पाहून ही दृष्टी तेथे आणली. तेथील रोहित पक्ष्यांचेच उदाहरण घ्या. हा पक्षी चिखलाचा उंचवटा रचून त्यावर अंडे घालतो आणि आपल्या गुजरातेतील कच्छच्या रणात त्याची अशी वसाहत भरते. नुसत्या फळीवर उभा केलेला रोहित यातले काय सांगणार?

कोणी म्हणेल, मेलेल्या पक्ष्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मुलांना जिवंत पक्षी दाखवा. आमचे उत्तर असे की, खरी बैठक करावयाची तर जिवंत पक्षी पाहिल्यावाचून गत्यंतरच नाही. आम्ही आमची चूक सुधारण्यास निघालो तेव्हा मुले आठ दिवस नाल्याकाठी वही घेऊन बसली. खंड्या केवळ मासे खातो ही पाठ्यपुस्तकी समजूत तेथे गळून पडली. तो टोळ उचलतो, सरडाही मटकावतो. काठाच्या उभ्या दरडीतले बीळ हेच त्याचे घरटे, हेही मुलांनी पाहिले.

मग फळीवर तारेची जाळी वाकवून दरडीचा आकार केला. तीवर कागदाचा लगदा थापला, तो वाळल्यावर सरस लावला आणि नाल्याचीच माती चाळून पसरली. ती माती आधी तव्यावर चांगली भाजून घेतली होती, कारण कच्च्या मातीतून कीड आली की कातडे व पिसे कुरतडली जातात. हिरवे पान ठेवले तर आठवड्यात सुकते व काळवंडते. म्हणून मोठ्या संग्रहालयांत पाने मेणाची घडवीत. आम्ही वाळके गवतच घेतले. आमची घरची बोली कोकणी. चिखलाला आम्ही ‘चिखोल’ म्हणतो आणि खाडीकाठचा काळा चिखल तोच खरा, अशी आमची समजूत! परंतु येथला चिखल करडा, हे मुलांनी आम्हांस दाखवून दिले. शेवटी दरडीवर एक वाकलेला खांब व तार आली. एक सूचना मात्र अवश्य देतो. कसर लागू नये म्हणून पूर्वी कातड्यांना सोमल लावीत. तो विषारी असल्याने पक्ष्यास मुलांनी हात लावू नये. आम्हीही हातमोजे घालूनच तो हलविला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पेंढा भरण्यासाठी नवा पक्षी मारणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. जो खंड्या आपल्या पेटीत आहे त्याचा प्राण एकदा गेला; त्याचे ऋण आपल्यावर आहे. त्याच्या पायांखाली खोटी भूमी ठेवणे म्हणजे त्याच्याविषयी दुसऱ्यांदा बेपर्वाई करणे होय. शिवाय नाल्याची ती दरड उद्या सिमेंटने बांधली गेली तर खंड्याचे बीळ कोठे जाईल, हा प्रश्न ज्या मुलाने आपल्या हातांनी दरड घडविली त्यालाच प्रथम सुचेल. आमच्या वर्गात तो सुचला. त्याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. परंतु असा प्रश्न विचारणारी मुले शाळेतून बाहेर पडावीत, एवढीच आमची इच्छा आहे.