गाण्यावर नाव कुणाचं?

आमचं पहिलं गाणं झालं तेव्हा मी पुण्यात होते आणि माझा मित्र नागपुरात. मध्ये जवळपास सातशे किलोमीटर, एक शेअर्ड फोल्डर आणि हॉस्टेलचं रडकं वायफाय. मी पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलवर गायचे. तो तिकडे लॅपटॉपवर त्याखाली गिटार, बास, ढोलकीचा लूप बसवायचा. तीन महिन्यांत गाणं तयार! आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांत एकही नाही.

सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. माती मी खाल्ली होती.

झालं असं, की कॉलेजच्या फेस्टमध्ये ओरिजिनल गाण्यांची स्पर्धा होती. फॉर्म मी भरला. गीत, संगीत, गायन या तिन्ही रकान्यांत माझं नाव. त्याचं नाव खाली, 'तांत्रिक साहाय्य' म्हणून. खरं सांगते, तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही. शब्द माझे, चाल मीच गुणगुणून पाठवलेली, आवाज माझा. त्याने काय केलं, तर रेकॉर्डिंग जुळवलं, असंच माझ्या डोक्यात होतं. पोस्टरचा फोटो त्याला पाठवला. रिप्लाय आला, 'भारी.' बस्स.

मग 'सबमिशन आहे', 'नंतर बघू' असं होत होत फोल्डर तसाच पडून राहिला. परवा मोबाइलची मेमरी फुल झाली म्हणून जुन्या फाइल्स डिलीट करायला बसले. करण्याआधी त्या तारखेप्रमाणे ओळीने ऐकल्या आणि चपापलेच. अंतऱ्याची चाल माझी नव्हतीच. चौथ्या व्हर्जनमध्ये त्याने ती गिटारवर वर नेली होती आणि मी फक्त तिच्यामागून गेले होते. मुखड्यातल्या दुसऱ्या ओळीतला शब्द तालात बसत नव्हता, तोही त्यानेच बदललेला. मी जिथे जिथे तालाच्या पुढे पळाले होते, तिथे त्याने एकेक शब्द सरकवून जागेवर आणला होता. एकूण चौदा व्हर्जन्स. बहुतेक रात्री दोन-अडीचला पाठवलेली.

लांबून गाणं करण्यातली खरी गोची मला इथे कळली. एका खोलीत बसून गाणं केलं असतं, तर तो तीन तास एका ओळीशी झटतोय हे मला दिसलं असतं. मी चहा तरी केला असता! लांबून मात्र आपल्याला फक्त आपली मेहनत दिसते. समोरच्याची मेहनत आपल्यापर्यंत येते ती चार मिनिटांची तयार फाइल होऊन. आपण ती ऐकतो, फायरचा इमोजी टाकतो आणि झोपतो.

बाकी सोयींची आज काही कमी नाही. बँडलॅब मोबाइलवर चालतं, ऑडॅसिटी फुकट मिळतं, अ‍ॅपलवाल्यांकडे गॅरेजबँड असतंच. दोघांनी एकच टेम्पो ठरवायचा, कानात क्लिक लावून गायचं आणि प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू करून वेव्ह फाइलमध्ये पाठवायचा. समोरच्याने तो सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकला, की जागच्या जागी बसतो. हे शिकायला आम्हाला एक रविवार पुरला. कुणाचं काम किती, हे बोलायला मात्र वर्षभरात वेळ मिळाला नाही.

अमेरिकेतल्या बेन गिबर्ड आणि जिमी टॅम्बोरेलो या दोघांकडे तर शेअर्ड फोल्डरही नव्हता. एक सिअ‍ॅटलला, दुसरा लॉस एंजेलिसला. रेकॉर्डिंग्ज टपालाने एकमेकांना पाठवत त्यांनी 'गिव्ह अप' हा अल्बम केला. तो 2003 मध्ये आला. बँडचं नावच त्यांनी 'द पोस्टल सर्व्हिस' ठेवलं. म्हणजे दोन टोकांना दोन माणसं आहेत, हे नावातच आलं. आमच्या पोस्टरवर दुसरं टोक जवळपास गायब होतं.

कायदाही गाण्याला एकच वस्तू मानत नाही. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात शब्द हे साहित्य, चाल ही संगीतरचना आणि रेकॉर्डिंग ही तिसरीच गोष्ट. तिघांचे हक्क वेगळे. 2012 मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारात सहज लिहून घेता येऊ नये म्हणून. ज्यांचं आयुष्य या इंडस्ट्रीत गेलंय, त्यांनाही नावासाठी आणि वाट्यासाठी भांडावं लागलंय. मग आपण हे 'समजून घेईल तो'वर कसं सोडतो?

'दोस्तीत कसला हिशोब?' असं तुम्ही म्हणाल. मीही हेच म्हणायचे. पण नीट बघा, हे म्हणतं कोण? बहुतेक वेळा ज्याचं नाव वर असतं तोच. ज्याचं नाव खाली जातं तो काहीच म्हणत नाही, 'भारी' लिहून गप्प बसतो. हिशोबाने दोस्ती तुटते असं मला आता वाटत नाही. मनातल्या मनात ठेवलेल्या हिशोबाने ती जास्त तुटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिला ट्रॅक पाठवण्याआधी दहा मिनिटांचा कॉल करा. फोल्डरमध्ये एक साधी शीट ठेवा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, मिक्स कुणी केलं, गाणं कुणाच्या अकाउंटवरून जाणार, पैसे आलेच तर कसे वाटायचे आणि एकाने मध्येच सोडलं तर काय. प्रत्येक नव्या व्हर्जनसोबत ती शीट बदला, कारण गाणं बदलतं तशी माणसांची कामंही बदलतात. चौथ्या व्हर्जनला आमच्याकडे अशी शीट असती, तर 'संगीत'च्या रकान्यात दोन नावं आपोआप आली असती.

परवा रात्री त्याला फोन केला. आधी वीस मिनिटं परीक्षेवरच बोललो. मग सॉरी म्हटलं. तो म्हणाला, 'अगं, नावाचं ठीक आहे. पण तांत्रिक साहाय्य काय? मी काय मंडपवाला आहे का?' मग दोघंही हसलो. पण हसून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प होता, तेही मला ऐकू आलं.

नवा फोल्डर उघडलाय. त्यात अजून एकही सूर नाही. फक्त एक शीट आहे आणि तिच्यात वर दोन नावं.