फिरणं, हॉकी आणि पी.टी.चा तास



९ ऑगस्ट २०२४ ची सकाळ. नागपंचमीचा दिवस, पावसाची नुसती भुरभुर. नेहमीप्रमाणे औंध रोडवरून निघालो आणि रेंज हिल्सच्या बाजूने खडकी बाजाराकडे वळलो. आदल्या संध्याकाळी पॅरिसमध्ये आपण स्पेनला २-१ ने हरवून ब्राँझ मिळवलं होतं. दोन्ही गोल हरमनप्रीतचे आणि श्रीजेशचा तो शेवटचा सामना. १९६८ आणि १९७२ नंतर सलग दोन ऑलिम्पिकमध्ये पदक पहिल्यांदाच! एरवी गुडघेदुखीवर बोलणारे आमचे फिरायला येणारे सोबती पेनल्टी कॉर्नरवर वाद घालत होते. ऐकून बरं वाटलं.

खडकीला तर हा मान मिरवायचा हक्कच आहे. धनराज पिल्ले इथलाच. आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढलेला ग्राउंड्समनचा मुलगा, मोडक्या स्टिकने खेळायला शिकला आणि चार ऑलिम्पिक खेळला. १९९८ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये ३२ वर्षांनी सुवर्णपदक आलं तेव्हा कर्णधार तोच होता.

चहाच्या टपरीवर एकाने हाक मारली, "सर, मॅच बघितलीत ना?" माझाच जुना विद्यार्थी, आता पन्नाशी ओलांडलेला. शेवटच्या दोन मिनिटांचं इतकं रंगून वर्णन केलं त्याने, की हातातला चहा निवून गेला. मी मात्र नीट ऐकत नव्हतो. १९८६ साली नववीच्या वर्गात त्याची स्टिक मी काढून घेतली होती आणि सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हॉकीने पोट भरणार आहे का रे?" पोरं हसली. त्यानंतर त्याने स्टिक कधी आणली नाही. त्याला हे आठवतंय का, ते विचारायचा धीर मला त्या सकाळीही झाला नाही.

तो मोठा खेळाडू झाला असता असं मी म्हणत नाही. पण ते ठरवणारा मी कोण? परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास मागून घेऊन त्यात समास आणि अलंकार शिकवणारा मास्तरही मीच. पोर्शन पूर्ण केल्याचं केवढं समाधान वाटायचं!

पदक आलं की आपण पेढे वाटतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये पिंपरीला नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्या महाराष्ट्राच्या मुली फायनलपर्यंत गेल्या, हरियाणाकडून हरल्या. आपल्यापैकी किती जण बघायला गेलो? मीही गेलो नाही. घरून बस मिळते, वेळही भरपूर होता. माझ्या मते पदकाचं कौतुक करण्याचा खरा हक्क रिकाम्या गॅलरीत बसून टाळ्या वाजवणाऱ्यांचा आहे. आपला त्यांच्यानंतर.

असो. तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल, शाळेच्या समितीवर असाल, तर या म्हाताऱ्याचं एवढंच ऐका. पी.टी.चा तास मागू नका. आणि घरातल्या पोराच्या हातात स्टिक दिसली, तर पोटाचा प्रश्न लगेच काढू नका. तो प्रश्न कुठे पळून जात नाही.