गरोदर मातेचे कार्ड मराठीतही हवे

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हणजे पाट्या, उतारे आणि शाळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण तो बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचला आहे.

गरोदर बाईची पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत आणि एकूण किमान चार तपासण्या व्हाव्यात, असा सरकारी दंडक आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील दहापैकी तीन मातांची पहिली तपासणी वेळेत झाली नव्हती. उशीर झाला की अंगात रक्त कमी आहे, रक्तदाब वाढला आहे, हे कळायलाही उशीर होतो.

आपल्याकडे त्यात भाषेची भर पडते. सासर बेळगाव तालुक्यात, माहेर चंदगडात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. इकडच्या कन्नड कार्डावरचा आकडा तिकडच्या नर्सबाईंना दिसतो, पण तो कशाचा हे कळत नाही. घरच्यांनाही कळत नाही.

भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेने मान्य केले आहे. कन्नडखाली मराठी छापा, एवढीच मागणी आहे. ती कन्नडविरोधी नव्हे.

मात्र तोवर थांबू नका. दिवस गेल्याचे लपवण्याची रीत सोडा. पाळी चुकताच आशाताईंना कळवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. मोर्चाला निघणाऱ्यांनी त्या दिवशी सुनेबरोबरही निघावे.