खेळांतला हातबाँब आणि वार्तिककाराची दृष्टि

गेल्या उन्हाळ्यांत मी चिरंजीवांकडे टोकियोस दोन महिने राहिलों. तेथें ‘एअरसॉफ्ट’ नांवाचा लुटुपुटीच्या लढाईचा एक खेळ आहे. खऱ्या पिस्तुलांवर कडक निर्बंध असलेल्या त्या देशांतच १९७० नंतरच्या दशकांत तो रुजला. गोळी प्लॅस्टिकची, ६ मिलिमीटर व्यासाची, बहुधा ०.२ ग्रॅम वजनाची. २००६ सालच्या कायदेदुरुस्तीनें तिची शक्ति १ ज्यूलच्या आंतच ठेवली आहे. हें अल्प वाटेल. पण गणित करून पाहावें. तेवढ्या शक्तीची ही गोळी सेकंदास सुमारें १०० मीटर वेगानें सुटते. डोळे झांकल्यावांचून खेळूं नये, हा नियम त्यामुळेंच आहे.

आमच्या अठरा वर्षांच्या नातवानें या खेळांतला हातबाँब घरींच करावयाचें मनांत घेतलें. दारू नाहीं, वायु नाहीं. नळीच्या तुकड्यांत दाबलेली स्प्रिंग, तिच्यावर गोळ्या, वर झांकण आणि त्यास खीळ. पहिल्या नमुन्याच्या गोळ्या दोन हातांपलीकडे गेल्या नाहींत. झांकण जड होतें. तें उचलण्यांतच स्प्रिंगेचा जोर सरत होता. त्यानें झांकण हलकें केलें, स्प्रिंगही बदलली आणि खीळही. दुसऱ्या वेळीं झांकणच उडालें तें धाकट्या नातीच्या भुवईस लागलें. बोटभर खालीं लागतें तर! सूनबाईंनीं तें यंत्र केरांत टाकलें, आणि त्यांत त्यांचें कांहींच चुकलें नाहीं.

रात्रीं नातू म्हणाला, “आजोबा, सोडून देऊं का?”

मीं विचारलें, “तीन गोष्टी एकदम बदलल्यास, दोष कोणत्या बदलाचा, हें कसें कळावें?”

तो गप्प राहिला. मग मीं त्यास सांगितलें कीं, पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें रचिलीं. सूत्रांत काय सांगितलें, काय राहिलें आणि काय चुकलें, याचा विचार करणें हेंच वार्तिकाचें काम. स्वतःच्या कृतीचा वार्तिककार स्वतःच व्हावें.

दुसऱ्या दिवशीं वही उघडली. पहिला दोष मीं माझ्या नांवें लिहविला. त्या वेळीं मी शेजारींच हंसत उभा होतों, आणि कोणाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यानंतर नियम ठरला: चष्मा आधीं, प्रयोग मागाहून, एका वेळीं एकच बदल. तिसऱ्या नमुन्यांत झांकण मजबूत दोरीनें नळीस बांधलें. चौथ्यांत खीळ खिशांतल्या खिशांतच सुटली, म्हणून पांचव्यांत तिचीं टोकें वांकविलीं. सहाव्याच्या गोळ्या चार पावलांच्या घेरांत पडल्या आणि झांकण दोरीसच अडकून राहिलें.

सातव्या दिवशीं सूनबाईंनीं चष्मा लावून स्वतः खीळ ओढली. नात मात्र दाराआडूनच पाहत होती. तिला बाहेर बोलावण्याचा आग्रह आम्हीं कोणीं धरला नाहीं.

वाचकहो, मुलांच्या हातून यंत्र हिसकावून घेणें सोपें, आणि निष्काळजीपणें कौतुक करणें त्याहून सोपें. वही घेऊन शेजारीं बसणें तेवढें अवघड. पण वडिलांचें काम तेंच.