पहिला दिवस खडीच्या रस्त्याचा

थंडी पडू लागली की आमच्या वस्तीतील तरुणांच्या गप्पांत कोकण येते. चार-पाच मोटारसायकली काढायच्या, मागे घरची मंडळी बसवायची आणि समुद्राच्या कडेकडेने तीन-चार दिवस फिरून यायचे. आम्हाला हा बेत मनापासून आवडतो. हप्त्याने घेतलेली गाडी वर्षभर कारखान्याच्या गेटापर्यंत, रेशनच्या दुकानापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत पळते. तिने वर्षातून एकदा समुद्रही का पाहू नये? सहल म्हणजे श्रीमंतांची चैन, असे मानून आपण फार पिढ्या घरात बसलो. कष्टकऱ्याच्या बायकोलाही नारळीच्या सावलीत दोन घटका टेकण्याचा हक्क आहे.

परंतु बंधू-भगिनींनो, जी गाडी आपण सहलीला नेतो, तीच सोमवारी ड्युटीवर न्यायची असते. ती चालवणारे हात-पाय हीच घराची मिळकत असते. म्हणून सहलीच्या पहिल्या दिवसाविषयी चार गोष्टी लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. पहिल्या दिवशी अंगात उत्साह जास्त असतो आणि रस्त्याची ओळख कमी असते. पडझड होते ती अशाच वेळी.

मागील डिसेंबरात आम्ही पाच गाड्या घेऊन निघालो तो मार्ग सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. तिच्यात मोटारसायकली चढतात. त्यामुळे पनवेल-पेण-वडखळ हा ट्रक-कंटेनरच्या गर्दीचा टप्पा टळतो आणि तासाभरात माणूस पलीकडे उतरतो. मांडव्याहून अलिबाग, पुढे रेवदंडा, कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मुरूड. मुरूडपुढे आगरदांडा. तेथून राजपुरीची खाडी फेरीबोटीने ओलांडली की दिघी. दिघीहून दिवेआगर आणि शेवटी श्रीवर्धन. मांडव्यापासून मोजले तर सारे अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते.

११० किलोमीटर ऐकून तरुण हसतात. एवढे तर तीन तासांत कापू, असे म्हणतात. हायवेवर ते खरेही असेल. किनाऱ्याच्या रस्त्यावर मात्र किलोमीटरचा हिशेब चालत नाही, वेळेचा चालतो. प्रत्येक गावात रस्ता वाड्यांच्या कुंपणांमधून जातो. गुरे आडवी येतात, मासळीचा टेम्पो समोरून येतो, चढावर वळण आणि वळणावर उतार. फेरीबोट आपल्या वेळेने सुटते. यात खडीचा रस्ता मिळवला की पुरा दिवस जातो, आणि तो जाऊ द्यावा.

ही खडी येते कोठून? कोकणात पाऊस अतोनात. डांबराखाली पाणी शिरले की वरचा थर उखडतो आणि खालची खडी मोकळी होते. वाहनांच्या चाकांनी ती वळणाच्या बाहेरच्या अंगाला ढकलली जाते आणि तेथे साचते. दुसरे कारण रस्त्याची कामे. रेवस ते रेड्डी या सागरी मार्गाची कल्पना १९८० च्या दशकापासूनची. आता कोठे रुंदीकरण, कोठे मोरी, कोठे पुलाचे काम, असे चालू असते. त्यामुळे चांगला डांबरी रस्ता एका वळणापलीकडे एकाएकी संपतो आणि पुढे नुसती खडी आणि लाल माती लागते. समुद्राकडे उतरणाऱ्या आडवाटांची गत यापेक्षा वेगळी नसते.

अशा ठिकाणी गाडी कशी न्यावी? वेग कमी करायचा तो खडी लागण्यापूर्वी. खडीवर चढल्यानंतर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचे चाक सरकते आणि गाडी क्षणात आडवी होते. मागचा ब्रेक हलक्या पायाने लावावा. दुसऱ्या गियरमध्ये, रेस कमीजास्त न करता, एकसारख्या गतीने जावे. हँडल आवळून धरू नये. खडीवर ते थोडे डुलणारच, त्याला डुलू द्यावे. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वीस-पंचवीस पावले पुढे ठेवावी. वळणावर गाडी तिरकी करू नये, जवळजवळ उभीच ठेवून सावकाश वळवावी. पुढे डंपर किंवा एस.टी. असेल तर बरेच अंतर सोडावे, कारण तिच्या चाकाखालून खडा गोळीसारखा उडतो. बऱ्याच नव्या गाड्यांना एबीएस असते. डांबरावर ते उपयोगी खरे, पण मोकळ्या खडीवर त्यामुळे गाडी थांबायला अंतर अधिक लागू शकते. यंत्र आहे म्हणून निर्धास्त होऊ नये.

दिघीच्या पुढे एका कामावर आम्हाला अशीच लांबलचक खडी लागली. तेथे घमेले घेऊन उभी असलेली एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "दादा, वहिनींना उतरवा. फुडं समदी बारीक खडी हाय." आम्ही मागच्या सर्वांना उतरवले. गाड्या एकेक करून पुढे नेल्या, मंडळी पायी चालत आली. दहा मिनिटे गेली. कोणी पडले नाही. ती बाई मराठवाड्याकडची होती. तिचे लहान मूल रस्त्याच्या कडेला साडीच्या झोळीत निजले होते. आपण ज्या रस्त्यावरून हौसेने जातो, त्यावर खडी टाकणारे हात आपल्यासारख्यांचेच आहेत. काम चालू असेल तेथे धुरळा उडवत, हॉर्न वाजवत जाणे म्हणजे आपल्याच माणसाच्या डोळ्यांत माती टाकणे होय. तेथे गाडी चालण्याच्या गतीने न्यावी आणि "पुढे रस्ता कसा आहे?" असे विचारावे. त्यांच्याइतकी खरी माहिती कोणत्याही नकाशात नसते.

फेरीबोटीवरही सावध असावे. ओहोटीच्या वेळी जेट्टीचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. बायका-मुलांनी आधी चालत चढावे, गाडी एकट्याने चढवावी. बोटीत गाडी गियरमध्ये ठेवून स्टँडवर लावावी आणि जवळच उभे राहावे. शेवटची फेरी किती वाजता आहे, ते मुरूडलाच विचारून घ्यावे.

फेरी बंद असेल तर खाडीला वळसा घालून मांदाडवरून म्हसळ्याकडे जावे लागते. वळसा मोठा आहे, पण या वाटेवर कुडा गावाच्या डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत कराडचा लोखंडाचा व्यापारी आहे, फुलांचे काम करणारा माळी आहे, आणि एका लेखकाच्या म्हणजे कारकुनाच्या धाकट्या भावाने कुटुंबासह दिलेले लेणेही आहे. राजा-महाराजांबरोबर कामधंदा करणाऱ्या माणसांचीही नावे दगडात राहिली, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

आता घरच्यांच्या सुरक्षिततेविषयी. हेल्मेट दोघांनाही हवे. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते लावणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलासाठी लहान हेल्मेट, चालकाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चालकामागे एकच माणूस, हाही कायदाच आहे. नवरा-बायको आणि दोन मुले एका गाडीवर बसवून खडीच्या रस्त्याला लागणे हे धाडस नव्हे. ज्यांची मुले दोन, त्यांनी एस.टी.ने श्रीवर्धन गाठावे आणि तेथे मित्रांना भेटावे. समुद्र तोच असतो.

विम्याचे कागद घरीच वाचून निघावे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, त्याच्यासाठी. मित्राची गाडी मागून नेणाऱ्याला तो मिळत नाही. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर मागे बसलेल्या पत्नीलाही सामान्यतः तिचे संरक्षण नसते. दुर्घटनेनंतर घरची बाई कागद घेऊन कचेरीत येते आणि तेव्हा तिला हे कळते. आम्ही हे पाहिले आहे, म्हणून लिहितो.

आदल्या दिवशी ब्रेक, चेन, दिवे आणि टायर तपासावेत. टायरची नक्षी झिजली असेल तर सहल महिनाभर पुढे ढकलावी. वाळूत गाडी घालू नये. मुक्कामी पोचल्यावर गोड्या पाण्याने चेन आणि रिम धुवावी, खारे वारे लोखंड खाते. काशीदला पाणी सुंदर दिसते, पण तेथे अनेक जण बुडाले आहेत. पाय भिजवावेत, आत जाऊ नये.

आम्ही अंधार पडण्यापूर्वी श्रीवर्धनला पोचलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे झाड फळायला वर्षे लागतात, तरी बागाईतदारांनी पुन्हा रोपे लावली. त्या बागांच्या वाटेने आमच्यातील एक आजी काठी टेकत समुद्रापर्यंत गेल्या. वयाची सत्तरी उलटलेल्या, सारा जन्म गिरणगावात गेलेला, आणि हा किनारा प्रथमच पाहत होत्या. त्या नातवाच्या गाडीवर मागे बसून आल्या होत्या. तो नातू दिवसभर सर्वांच्या शेवटी गाडी चालवत होता आणि आम्ही चार गाड्या त्याच्यासाठी थांबत होतो.

तेव्हा निघण्यापूर्वी एवढा नियम करा. सर्वांत हळू जाणाऱ्या गाडीच्या गतीने सर्वांनी जायचे. खडी लागली की मागच्याला उतरवायचे. सूर्य मावळण्याआधी मुक्काम गाठायचा. पहिला दिवस असा गेला, तर पुढचे दिवस आपोआप आनंदाचे जातील. हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी आणि पलीकडचा रत्नागिरी जिल्हा, या दुसऱ्या दिवसाविषयी पुढील अंकात लिहू.