शॉकअप गाडीचा, मणका आईचा

आरोग्याच्या पानावर मोटारसायकलचं काय काम, असं काहींना वाटेल. वाटू द्या.

पावसाळा संपल्यावर माझ्या भाच्याने गाडीला मागचे गॅसचे शॉकअप बसवले. जुन्यांतून तेल गळत होतं आणि बुरोंडी-दापोली रोजची ये-जा, त्यामुळे खर्च वावगा नव्हता. कुणी याला पोरांची चैन म्हणतं, मी म्हणणार नाही. सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे मणक्याला सगळ्यात जास्त जाणवतात. रोज गाडीवर पोट असलेल्याने कंबर सांभाळायलाच हवी.

पण गाडी मागून उंच दिसावी म्हणून त्याने स्प्रिंगखालची कडी शेवटच्या खाचेवर नेली आणि दुसऱ्याच दिवशी आजीला, म्हणजे माझ्या आईला, मागे घेऊन निघाला. आई सत्तरीची, वजन जेमतेम चाळीस किलो, साडीमुळे एका बाजूला पाय सोडून बसलेली. गतिरोधकावर ती सीटवरून उडाली आणि आदळली. घरचे म्हणाले, उसण भरली, तेल चोळा. मी चोळू दिलं नाही. एक्स-रेत मणका दबलेला निघाला.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होत जातात. अशा हाडाला पडावंच लागतं असं नाही, एक आदळा पुरतो. दणक्यानंतर म्हातारं माणूस ‘उभं राहिलं की दुखतं, आडवं झालं की बरं वाटतं’ म्हणत असेल तर मालिश नको, एक्स-रे काढा. पाय बधिर झाले किंवा लघवी अडली तर तडक रुग्णालय गाठा.

आता त्या कडीचं. ती फिरवली की स्प्रिंग आधीच दाबून ठेवली जाते. बऱ्याच गाड्यांना पाच खाचा असतात. शेवटची दोन जड माणसं आणि सामानासाठी. ओझं हलकं असेल तर त्या खाचेवर शॉकअप दबायलाच मागत नाही, दणका थेट माकडहाडाला. उलट पहिल्या खाचेवर दोन जड माणसं बसली तर तो तळापर्यंत दबून आपटतो. म्हणून शॉकअप कितीही महाग घ्या, खाच माणसं बघूनच ठेवावी लागते. भाच्याने आता दुसरी ठेवलीय, टायरची हवाही कंपनीने लिहिलीय तेवढीच. मागून उंच झालेली गाडी वळणावर पटकन कलते, हेडलाइटचा झोत खाली येतो. हात बसेपर्यंत आठवडाभर एकट्यानेच चालवावी, आणि तीही ओळखीच्या रस्त्यावर.

सगळं खापर पोरावर फोडून मी मोकळी होणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. आई उडाली तो हातभर रुंदीचा डांबराचा ढीग होता, पांढरे पट्टेही नाहीत. मी टेप लावून मोजलाय, फोटो काढलेत. ग्रामसभेत अर्ज देणार आहे. तुमच्या वाडीतले गतिरोधक मोजून तुम्हीही या.

आई आता चालते-फिरते. गाडीचं नाव काढलं की मात्र म्हणते, मला रिक्षाच बघा.