गाणे कोणाचे?

गाणे लोकप्रिय झाले की ते गाणाऱ्याच्या नावावर जमा होते. शब्द कोणी लिहिले, चाल कोणाला सुचली, कोणत्या वाद्याने कोठे बोलावे आणि कोठे गप्प राहावे हे कोणी ठरविले, याची चौकशी सामान्य श्रोता करीत नाही. मराठी श्रोत्याला आकाशवाणीने निदान एक चांगली सवय लावली. गीत, संगीत आणि स्वर अशी तिन्ही नावे निवेदकाच्या तोंडून ऐकून कित्येकांची ती पाठ झाली. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात मात्र वेष्टनावर चेहरा झळकतो तो गायकाचा. इतरांची नावे आतल्या बाजूस बारीक टाइपात असतात. या बारीक टाइपातच गेल्या पंचवीस वर्षांत एक विलक्षण कारकीर्द घडली. रॉक गायिका म्हणून एका गाण्याने जगभर गाजलेली आणि नंतर इतरांसाठी गाणी रचणारी व ध्वनिमुद्रिकांची निर्मिती करणारी अमेरिकन कलावती लिंडा पेरी हिची ती कारकीर्द होय. ती नीट पाहिली, तर कलेतील श्रेय म्हणजे काय आणि ते कोणाच्या पदरात पडते, याविषयीच्या अनेक समजुती तपासून घ्याव्या लागतात.

सॅन फ्रान्सिस्को येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘फोर नॉन ब्लॉन्ड्स’ या बँडची पेरी ही गायिका. ‘बिगर, बेटर, फास्टर, मोअर!’ हा या बँडचा आल्बम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील ‘व्हॉट्स अप?’ हे पेरीने रचलेले गीत १९९३ मध्ये देशोदेशी गाजले. ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर, तर अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत चौदाव्या क्रमांकावर पोहोचले. गंमत अशी की, गाण्याचे शीर्षक असलेले शब्द गाण्यात कोठेही येत नाहीत. परंतु या गाण्यामागची खरी गोष्ट निराळीच आहे. नेमलेल्या निर्मात्याने त्याची केलेली मांडणी पेरीला पसंत नव्हती. म्हणून आपण ते पुन्हा, मूळच्या साध्या ढंगात ध्वनिमुद्रित करून घेतले आणि जगाने ऐकले ते हेच रूप, असे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. वेष्टनावर मात्र निर्माती म्हणून तिचे नाव आले नाही.

येथे ‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे अगत्याचे आहे. चित्रपटाचा निर्माता पैसा उभा करतो. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता चित्रपटाच्या दिग्दर्शकाशी अधिक मिळताजुळता असतो. गाण्याची लय किती ठेवावी, वाद्ये कोणती घ्यावीत, गायकाने दहा वेळा गायिलेल्या ओळीतील कोणती राखावी, याचा निर्णय तो करतो. गायकाचा धीर खचला तर तो सावरण्याचे कामही त्याच्याकडेच असते. हे काम श्रोत्याला दिसत नाही आणि जितके उत्तम व्हावे तितके ते अधिकच अदृश्य होते.

ऐन यशात, १९९४ मध्ये, पेरी त्या बँडमधून बाहेर पडली. ‘इन फ्लाइट’ (१९९६) आणि ‘आफ्टर अवर्स’ (१९९९) हे तिचे दोन स्वतंत्र आल्बम निघाले. पण आधीच्या यशाची पुनरावृत्ती झाली नाही. संगीताच्या बाजारात अशा कलावंतांची एक ठरलेली गणना आहे. ‘एका गाण्याचे धनी’ म्हणून त्यांची नोंद होते आणि ती वही कायमची मिटली जाते. पेरीचीही वही अशीच मिटली गेली असती.

ती पुन्हा उघडली एका तरुण गायिकेने. पिंक हिचा पहिला आल्बम २००० मध्ये निघाला होता. तो यशस्वी होता. परंतु त्यातील संगीताचा ढंग तिच्या कंपनीच्या पसंतीचा होता. पिंकला निराळे गायचे होते. ‘फोर नॉन ब्लॉन्ड्स’ची ती चाहती होती आणि तिने स्वतः होऊन पेरीशी दूरध्वनीवरून संपर्क साधला. त्या सुमारास पेरी नव्या ध्वनिमुद्रण यंत्रांशी खेळत होती आणि त्या खेळातून तिने ‘गेट द पार्टी स्टार्टेड’ हे नृत्यगीत रचले होते. ते आधी मॅडोनाकडे पाठविण्यात आले होते; तिकडून नकार आला. पिंकने ते २००१ मध्ये गायिले आणि अमेरिकेच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. ज्या आल्बमात ते होते, त्यातील आणखी काही गाणी या दोघींनी मिळून रचली. पिंकचे आजचे कलाव्यक्तिमत्त्व घडले ते त्या आल्बमापासून, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढच्याच वर्षी क्रिस्टिना अॅगिलेराच्या ‘स्ट्रिप्ड’ या आल्बमात ‘ब्यूटिफुल’ हे गीत आले. पेरीने ते मुळात स्वतःसाठी रचले होते. पिंकलाही ते हवे होते. अॅगिलेराने ते पहिल्यांदा गायिले तेव्हा केवळ कच्चा नमुना म्हणून त्याचे मुद्रण झाले. आपल्या आवाजावर विलक्षण हुकमत असलेल्या या गायिकेला तो नमुना सदोष वाटला आणि तिने पुन्हा गाण्याचा आग्रह धरला. पेरीचे म्हणणे असे की, स्वतःविषयीच्या साशंकतेचे हे गाणे आहे आणि ती साशंकता या पहिल्या गायनातच उतरली आहे. सफाई आली की गाण्यातला जीव जाईल. दीर्घकाळ चाललेल्या या वादात अखेर पेरीचे मत टिकले. ते गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. २००४ च्या ग्रॅमी समारंभात अॅगिलेराला त्यासाठी गायनाचे पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या गायनाबद्दल गौरव झाला, ते गायन गायिका स्वतः पुसून टाकण्यास निघाली होती. ते जतन करण्याचा निर्णय हाही त्या कलाकृतीचाच भाग नव्हे काय? दुसऱ्याच्या आवाजातील सत्य त्याच्याआधी ओळखणे ही दुय्यम दर्जाची कामगिरी ठरत नाही.

तरीही पेरीच्या या स्थित्यंतराकडे ‘माघार’ म्हणून पाहणारे पुष्कळ होते. याचे मूळ रॉक संगीताच्या एका श्रद्धेत आहे. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘ब्रिल बिल्डिंग’ परिसरात गीतकार-संगीतकारांच्या जोड्या रोज कचेरीत बसून इतरांसाठी गाणी रचीत असत. बॉब डिलन आणि बीटल्स यांच्यानंतर ही रीत मागासलेली ठरली. जो गातो त्यानेच लिहावे, तरच ते प्रामाणिक, असा दंडक पडला. कॅरोल किंग हिने पती जेरी गॉफिन याच्यासह इतरांसाठी कितीतरी गाजलेली गाणी रचली होती. परंतु १९७१ मध्ये तिने स्वतः गायिलेला ‘टॅपेस्ट्री’ हा आल्बम आला, तेव्हा कोठे तिला कलावंत म्हणून पूर्ण मान मिळाला. पेरीचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. पडद्याआडून रंगमंचावर येणे म्हणजे उन्नती आणि रंगमंचावरून पडद्याआड जाणे म्हणजे अवनती, हा या दंडकाचा अर्थ. वास्तविक प्रामाणिकपणा कोण गातो यावर अवलंबून नसतो. गाणे आणि गळा यांचा मेळ खरा आहे की नाही, यावर तो ठरतो.

या प्रश्नाला व्यवहाराचीही बाजू आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात: एक रचनेचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले, की रचनाकार आणि त्याचे प्रकाशक यांना मोबदला मिळतो. गायकाला तो मिळत नाही. इंटरनेटवरून गाणी ऐकण्याच्या नव्या व्यवस्थेत मात्र उत्पन्नाचा मोठा वाटा ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जातो आणि रचनाकाराच्या हाती अल्प रक्कम येते. साहजिकच, नाव कोठे लिहिले आणि कोणत्या हक्कापुढे लिहिले, हा प्रश्न प्रतिष्ठेइतकाच पोटापाण्याचाही ठरतो. ज्यांच्याकडे गाजलेला चेहरा नाही, त्यांच्या दृष्टीने बारीक टाइप हीच मालमत्ता असते.

या प्रतिपादनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. मोजक्याच मागणीप्राप्त लोकांनी अनेक गायकांसाठी गाणी रचली, तर सगळीच गाणी एका साच्यातून निघाल्यासारखी होणार नाहीत काय? ती होतात, हे लोकप्रिय संगीत ऐकणारा कोणीही मान्य करील. बाजाराला यशस्वी कारागीर सापडला, की तो त्याच्याकडून कालचेच यश पुन्हा मागतो. परंतु या दोषावरचा उपाय, गीतकार आणि निर्माता यांना अंधारात ठेवणे हा असू शकत नाही. उलट, साचा कोणाचा आहे हे कळले तरच त्याची चिकित्सा करता येईल. पेरीपुरते बोलायचे, तर पिंकचे नृत्यगीत, अॅगिलेराचे आत्मसंवादासारखे गीत आणि ‘डम्प्लिन’ (२०१८) या चित्रपटासाठी डॉली पार्टनसमवेत रचलेली गाणी यांत एकच साचा शोधणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत निर्णय घेणारी व्यक्ती बहुधा पुरुषच असते. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१२ ते २०१७ या काळातील लोकप्रिय गाण्यांची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात गीतरचनाकारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १२.३ टक्के, तर निर्मात्यांमध्ये अवघे २ टक्के आढळले. ज्या क्षेत्रातील तारका जगभर झळकतात, त्या क्षेत्रातील ही आकडेवारी आहे. २०१९ च्या ग्रॅमी पारितोषिकांसाठी पेरीला वर्षातील सर्वोत्तम निर्माती म्हणून नामांकन मिळाले, तेव्हा त्या विभागात स्त्रीचे नाव येऊन पंधरा वर्षे लोटली होती. पारितोषिक तिला मिळाले नाही. १९७५ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकावर २०२५ पर्यंत एकाही स्त्रीचे नाव कोरले गेले नव्हते. स्त्रीने गावे, याला कोणाची हरकत नाही. तिने ठरवावे, याला मात्र संस्था अजून सरावलेल्या नाहीत. आणि ही अडचण काही एकट्या संगीताच्या क्षेत्रातली नाही.

गीतकारांच्या सन्मानासाठी असलेल्या ‘सॉंगरायटर्स हॉल ऑफ फेम’ या संस्थेने २०१५ मध्ये पेरीचा समावेश केला. २०२४ मध्ये तिच्या जीवनावरील अनुबोधपट प्रदर्शित झाला आणि २०२५ मध्ये ‘फोर नॉन ब्लॉन्ड्स’ पुन्हा रंगमंचावर एकत्र आला. म्हणजे उपेक्षेची भरपाई काही अंशी झाली आहे. तथापि प्रश्न एका व्यक्तीच्या मानसन्मानाचा नाही. शिकविणारा, लेखन सुधारून देणारा, आराखडा आखून देणारा अशी कितीतरी माणसे आपले उत्तम ते दुसऱ्याच्या मुखातून वदवून घेतात आणि समाज त्यांना, स्वतःला काही जमले नाही म्हणून दुसऱ्यामागे उभे राहिलेले, असे समजतो. ‘ब्यूटिफुल’ पेरीने स्वतः गायिले असते, तर ते कदाचित तिच्या तिसऱ्या आल्बमात पडून राहिले असते. तिने ते दिले आणि योग्य रूपात राखले, म्हणून ते लक्षावधींचे झाले. गाणे गाणाऱ्याचे असतेच. पण ते ज्याने रचले आणि ज्याने जपले, त्याचेही ते असते. ती नावे मोठ्याने उच्चारण्याची आकाशवाणीची जुनी रीत जगाने उचलली, तर त्यात कोणत्याच गायकाचे काही उणे होणार नाही.